बुडबुडे नसलेली टाकी

प्रिय बाबा,

पत्र बघून वाटेल, पोरीने पुन्हा मुक्काम हलवला. नाही हो, मुक्काम तोच, काम नवं. सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात कठडे रंगवतेय. आज तो वास आला आणि ब्रश हातातच राहिला. तुमच्या शर्टाचा वास! आई म्हणायची, "ह्यांना आधी नळाखाली धरा, मग घरात घ्या." बरं, मुद्दा राहिलाच.

तुमच्या केंद्रात होत्या तशाच दोन टाक्या इथेही आहेत. एकीत हवा सोडतात, ती सारखी बुडबुडते, दुसरी गप्प. सहावीत असताना मी तुमच्या कामावर डबा घेऊन यायचे, तेव्हा तुम्ही दटावायचात, "हळू बोल, माझे कामगार जेवतायत." कामगार म्हणजे पाण्यातले जिवाणू. (डब्यातली अर्धी भाजी वाटेतच मी फस्त करायचे, हेही आता सांगून टाकते.)

त्या उन्हाळ्यात तुमचा दमा उसळला होता. तुम्ही खिडकीशी बसून श्वास ओढायचात, मी दाराआड उभी. मग एका दुपारी ती गप्प टाकी पाहिली आणि वाटलं, आतल्या कामगारांचाही जीव गुदमरतोय. तिच्या हवेची झडप मी उघडली. चांगली पूर्ण.

तीन दिवसांनी बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रेट वाढलेलं सापडलं. तुम्ही साहेबांना म्हणालात, "झडप माझ्याच हातून उघडी राहिली." तुम्हाला टाक्यांवरून काढलं आणि भांडारात बसवलं, नटबोल्ट द्यायला.

त्या रविवारी मी काही विचारलं नसताना तुम्ही वहीत शेंगदाण्यासारखा जिवाणू काढलात. "भिंगरे, ह्यांना फुप्फुसं नसतात. श्वासाची एन्झाइम ह्या कडेच्या पातळ पडद्यातच बसवलेली. हवा मिळाली की हवेवरच जगतात, लबाड लेकाचे. हवा संपली आणि नायट्रेट समोर असलं, तरच ते नायट्रेटवर श्वास घ्यायचं एन्झाइम बनवतात. हवा दिलीस की ते काम बंद, नायट्रेट पाण्यात तसंच राहतं." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "गप्प दिसलं म्हणजे गुदमरलंच असेल असं नसतं गं."

'दिलीस' म्हणालात, 'दिली' नाही. मी मान डोलावली आणि खेळायला पळाले. अजून पळतेच आहे.

दादाचा फोन आला होता. शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ, आणि साहेब तो झडपेचा किस्सा अजून हसत हसत सांगतात म्हणे. म्हणून हे पत्र. मी येतेय. साहेबांचं भाषण झालं की उभी राहणार आणि झडप कोणी उघडली ते सांगणार. तुम्ही "बस खाली, भिंगरे" म्हणाल; ह्या वेळी ऐकणार नाही. डबा आणते. वाटेत उघडणार नाही.

तुमचीच,
भिंगरी