जिना उलटा उतरल्याचा खुलासा

प्रति,
मा. उपअभियंता,
पाणीपुरवठा विभाग

विषय : जिना पाठमोरा उतरल्याबाबत खुलासा व दोन दिवस विश्रांती मिळणेबाबत.
संदर्भ : आपली काल सायंकाळची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी आपल्या विभागात मीटरवाचक आहे. गेल्या रविवारी आपल्याच आदेशाने विभागाचा बनियन घालून बेचाळीस किलोमीटर धावलो व तिसरा आलो. छायाचित्रात पदक धरून मधोमध आपण आहात. कडेला भिंतीला टेकलेला मी आहे. शोभा गेली, क्षमस्व.

सोमवारी दोन दिवसांची रजा मागितली. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले होते की, मांड्यांचे स्नायू आतून बारीक फाटले आहेत. भरपूर झोप, पोटभर जेवण आणि सपाटीवर थोडे चालणे, एवढ्यानेच ते भरून येतील. आपण कागद बाजूला सारून म्हणालात, "रोज हौसेने पळतोस ना? मग कसली विश्रांती? काम कर, पाय मोकळे होतील." बाईंना इतकी वर्षे शिकून जे उमगले नाही, ते आपल्याला खुर्चीत बसल्या बसल्या उमगले.

पाय मोकळे व्हावेत म्हणून मंगळवारी मला लिफ्ट बंद असलेली सात मजली इमारत मिळाली. चढलो कसाबसा. उतरताना मांड्यांनी साफ नकार दिला, म्हणून कठडा धरून पाठमोरा उतरू लागलो. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडले तो समोर माझी पाठ. "चोर! चोर!" त्या ओरडल्या. पहारेकरी निवांत जिना चढून आला. तरीही मी सापडलो. ओळखपत्र पाहिल्यावर आणि सारी हकीकत ऐकल्यावर आजींनीच खुर्ची दिली, पाय स्टुलावर ठेवायला लावले आणि विचारले, "तुझ्या साहेबाला पाय आहेत का रे?" विभागाची बदनामी टाळण्यासाठी मी होकार दिला.

नोटिशीत "गणवेशात संशयास्पद चाल" असा ठपका आहे. चाल मान्य आहे. सध्या मोजेही बायको चढवते. तेही संशयास्पद असल्यास कळवावे.

येत्या रविवारी एकवीस किलोमीटरची शर्यत आहे. विभागाची जागा रिकामी राहू नये म्हणून काल सकाळी फॉर्म भरून आपल्यापुढे ठेवला. आपण नेहमीप्रमाणे न वाचता सही केलीत. धावपटू म्हणून त्यात आपले नाव आहे. आयोजकांनी ते स्वीकारले असून, मोठ्या साहेबांनी सूचनाफलकावर आपले जाहीर अभिनंदनही केले आहे.

तरी माझी दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी, आणि येत्या सोमवारच्या स्वतःच्या रजेचा अर्ज आपण आजच लिहून ठेवावा.

आपला आज्ञाधारक व लंगडणारा,
(सही)
मीटरवाचक
दिनांक : शर्यतीनंतरचा चौथा दिवस

सोबत :
१. डॉक्टरांचा दाखला (आपण बाजूला सारलेला तोच)
२. छातीवर लावायचा आपला क्रमांक, चार टाचण्यांसह