गादी रिकामी असताना

लीचकोट,
सोमवार, १४ मार्च १९३२

प्रिय डॉर्कसताई,

तुझा गुडघा देवाच्या दयेने आता जिना चढू देत असेल. आम्ही चौघे बरे आहोत. ईस्टरआधीचा लेंट पाळतोय, म्हणून चहात साखर नाही. मुली कुरकुरतात, पण उपासही घडतो आणि साखरही उरते. माझा निळा कोट उलटवून शिवला. आतली बाजू अगदी नव्यासारखी निघाली.

तू दोन्ही पत्रांत एकच विचारलं आहेस, "लेडी झालीस का?" सांगते.

सप्टेंबरात लॉर्ड एल्डरकोट घोड्यावरून पडून गेले, हे तुला ठाऊकच आहे. मूल नाही, भाऊ नाही, तेव्हा चुलतभाऊ म्हणून किताब आमच्या ह्यांच्याकडे यायचा. पण लॉर्डसाहेबांच्या पत्नी लेडी इमोजेनना दिवस गेलेले. मुलगा झाला तर पहिल्या श्वासापासून तोच लॉर्ड, मुलगी झाली तर आमचे हे. तोवर गादी रिकामी ठेवायची, अशी जुनी रीत.

गावाला मात्र धीर नव्हता. टिबल्स खाटकाने मांडीचा उत्तम तुकडा पाठवला, 'लॉर्डसाहेबांसाठी' म्हणून. हे औषधांच्या दुकानातला पांढरा डगला न उतरवता तसेच तो परत द्यायला गेले. मीही मागोमाग.

"टिबल्स, सध्या लॉर्ड एल्डरकोट कोणीच नाही. मी लोविक. खोकल्याचं औषध विकतो."

"अहो, होणारच की तुम्ही! बाईसाहेबांच्या माहेरी मुलींचीच रांग आहे."

"मग मुलगी झाली की पाठव. आज नेहमीचं मानेचं मांस दे, आणि हाडं काढून तोलत जा जरा."

चर्चमध्ये रेक्टरसाहेबांनी घराण्याच्या पहिल्या बाकावर बसायचा आग्रह केला. हे म्हणाले, "तिथे बसणारा अजून यायचाय." आम्ही आपले हिवाळाभर खांबामागे. मला रागच यायचा. तुला म्हणून लिहिते ताई, लॉर्डची बायको सहीत आडनाव नाही, किताब लिहिते. मी साखरेच्या पिशवीवर 'हेस्टर एल्डरकोट' लिहून पाहिलं. एकदाच नव्हे. मग पिशवी चुलीत. रोज गुडघे टेकून म्हणायची, "बाळबाळंतीण सुखरूप असू दे." पुढचं मी बोलत नव्हते, पण देवाला काय, सगळं ऐकू येतं.

गुरुवारी दुपारी बाईसाहेबांची मोटार दारात आली. आम्हा दोघांनाच बोलावलं होतं. त्या उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा मेणासारखा, मान मात्र ताठ. दाईच्या हातात लोकरीचं गाठोडं.

"अ‍ॅम्ब्रोज, मुलगा आहे," त्या ह्यांना म्हणाल्या. "तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको होतं."

हे त्या लालबुंद, जावळ चिकटलेल्या चेहऱ्यासमोर कमरेतून वाकले. "लॉर्डसाहेब, या. तुमचीच वाट पाहत होतो."

लॉर्डसाहेबांनी जांभई दिली. बाईसाहेब पोट धरून हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

"इतके महिने जो तो माझ्या पोटाकडे बघून हिशेब करत होता. ह्याची जागा तुम्ही एकट्याने राखलीत. हा मोठा होईपर्यंत ह्याचे पालक व्हाल?"

ह्यांनी मान डोलावली.

मीही गुडघा लववला, ताई. तासाभराच्या पोरापुढे! पण अगदी मनापासून. त्याच्यापुढे लववला की ह्यांच्यापुढे, ते मात्र विचारू नकोस.

परतताना ह्यांनी हळूच विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"मानेचं मांस शिजायला वेळ लागतो," मी म्हटलं. "जरा भराभर चला."

काल पुन्हा खांबामागे बसलो. पुढचं बाक रिकामंच होतं, पण आता ते कुणाचं तरी होतं. मी प्रार्थना पूर्ण म्हटली, मनात काही मागे न ठेवता.

लिफाफा तुझाच उलटवून पाठवते आहे, हसू नकोस. खालची सही मात्र आधी कशावर गिरवावी लागली नाही.

तुझी,
हेस्टर लोविक