डागांचा रंग

४ मार्च

चि. गुंड्यास आत्याचे आशीर्वाद.

नाही रे, राग कसला यायचा? तुझ्या औषधवाल्यांच्या शिबिरात खोटी पेशंट होऊन बसले, फुकट करमणूक झाली. मी गावच्या शाळेत जेमतेम शिकलेली, आणि समोर पांढरे कोट घातलेले पदवीवाले. जो तो यायचा, तू शिकवलंस तसं हसायचा आणि मान तिरकी करून विचारायचा, आजी, गोळ्या वेळेवर घेता ना? डोळे मात्र तुझ्याकडे, साहेबांनी मान डोलावली का ते बघायला. चष्मेवाल्याला मी म्हटलं, घेते हो, शेळीच्या दुधातून घेते. तो म्हणाला, छान, असंच चालू ठेवा. एका बाईने हात हातात घेऊन थोपटला, तोही नेमका दुखऱ्या जागी.

रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या म्हातारीचं सोंग दिलंस. सोंग कशाला? डॉक्टरने ती मला खरीच चालू केली आहे, मागेच कळवलं होतं. आणखी काय घेता, एवढं तरी कुणी विचारावं म्हणून मी बाह्या वर सारून बसले होते. कोट घातलेली बुजगावणी सगळी.

सुनेला सांग, आत्या अजून खवट आहे.

तुझी आत्या

९ मार्च

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र आमच्या औषधांच्या दुकानात मोठ्याने वाचलं, सगळे हसून लोळले. पण शेळीचं दूध मी सांगितलं नव्हतं हं! असो. सगळे पास झाले. वरच्या साहेबांनी तुझी खास तारीफ केली. हातावरचे निळे डाग इतके हुबेहूब कशाने रंगवलेस? पुढच्या शिबिरासाठी तो रंग हवा आहे. गुडघा कसा आहे? दुखण्याच्या गोळ्या संपल्या असतील तर आणखी पाठवतो.

थट्टा करत राहा, पण माया आटू देऊ नकोस.

गुंड्या

१२ मार्च

चि. गुंड्यास आशीर्वाद.

पास झाले म्हणतोस. बरं झालं, आता भिंतीवर सर्टिफिकेट लावून हसत बसतील. त्यांचा गुरूही तसलाच.

तुझं भाषण मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर दुखण्याची गोळी घेतली तर आत रक्तस्राव होतो, असं तू टेबलावर हात आपटून सांगितलंस. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन तू गुडघ्यासाठी पाठवलेली गोळ्यांची पाकिटं फडताळात मागे ढकलली आणि वाट बघत बसले. वाटलं, ते कोटवाले राहू देत, माझं पत्र वाचून निदान तू तरी विचारशील. तू रंग विचारलास.

चिठ्ठी गावच्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. त्याच्याच गाडीने ये. ही मोठ्याने वाचू नकोस.

जीव आहे तोवर तुझीच,
आत्या

ता. क. डाग रंगवलेले नाहीत. शौचालाही काळं होतंय, आणि मला भीती वाटते.