तूस न उडालेला रील

धसई, ता. मुरबाड
१२ जानेवारी २०२५

चि. दिपिका हीस काकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं, कागदावर विचार होतो, म्हणून पत्र. आपल्या 'धसईची चव' पानावरचा तुझा रील गावभर फिरला. तुझी लहानीआत्या उखळात भात कांडते, खाली 'हातसडी तांदूळ'. बघता बघता एकशे ब्याऐंशी जणांनी एकेक किलो मागितला! लहानी आता पाण्याला जाते तीही केस विंचरून; वाटेत कोण ओळखेल नेम नाय, म्हणते.

पण पोरी, मी तो रील अकरा वेळा पाहिला. भात कांडताना तूस उडतो. इथे एक उडेल तर शपथ! खोदून विचारलं तेव्हा लहानी कबूल झाली: नवी साडी खराब होईल म्हणून तू उखळात गिरणीचा पांढरा तांदूळ घातलास. मी शाळा सातवीत सोडली, पण भात मला पुस्तकातून शिकावा लागला नाय.

आता पाठवायचं काय? हातसडीचा आपल्याकडे दाणाही नाही. आमचा ऋतिक म्हणतो, गिरणीचाच पाठवू, मुंबईकरांना काय कळतंय. आपल्या चौघांत ठरलंय, एकाचा जरी नकार असला तरी माल निघणार नाही. माझा नकार समज. तुझं कळव.

रागावलोय, पण माया कमी केलेली नाही.
जगदीशकाका

आसनगाव, ता. शहापूर
१५ जानेवारी

ती. काकांस दिपिकाचा सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग कान गरम झाले. साडी आत्याची, अक्कल माझी. खरं सांगितलं तर पान बुडेल, काका. पहिल्यांदाच कुणीतरी आपलं काही बघतंय, ते सोडवत नाही. पण काल एका बाईंचा मेसेज आला. सासऱ्यांना हातसडीच्या तांदळाचीच पेज हवी असते, तुमच्या भरवशावर मागवलाय, म्हणाल्या. तेव्हापासून मोबाइल पालथा ठेवलाय.

माझाही नकार धरा. आत्या म्हणते, खोटं कांडलं ते कांडलं, आता खरं कांडते, जुन्या लुगड्यात. ऋतिकदादाला तुम्हीच समजवा. मला तो हरिश्चंद्राची पुतणी म्हणतो!

ओरडा, पण लाड चालू ठेवा.
दिपिका

धसई
२८ जानेवारी

चि. दिपिका हीस आशीर्वाद, वि. वि.

नवा रील झकास! तुसाने माखलेली लहानी सगळी चूक सांगते आणि वर शिंकते. शंभरावर जणांनी मागणी मागे घेतली, काहींनी गिरणीचा चालेल म्हटलं, आणि अडतीस जण हातसडीसाठी थांबले. तुझ्या पेजवाल्या बाईही.

लहानीने अट घातली: पाकिटावर कांडणाऱ्याचं नाव हवं. झालं! नाव छापणार म्हटल्यावर ऋतिकच उखळाला चिकटला. हाताला फोड आले, पण पठ्ठ्या हटला नाय.

काल एसटीला वीस मिनिटं, आणि शेवटचं पाकीट अर्धा किलो कमी. आता लाज सोडून लिहितो. मीच म्हटलं, अर्धा किलो गिरणीचा मिसळ, कोण बघतंय. ऋतिकने मुसळ माझ्या हातात दिलं, बाहेर जाऊन बाकीची पाकिटं चढवली आणि एसटीला पुढे जा म्हणून हात दाखवला.

ते पाकीट आज निघालं. त्यावर नाव माझं आहे.

पाठ धरलीय, बसवत नाही. काकावर हसून झालं की लोभही कर.
जगदीशकाका