रेनहोल्डच्या दोन चड्ड्या

१४ मे
आज नवऱ्याच्या दोन चड्ड्या शेतात पुरल्या. हसू नये, पण हसले. रेनहोल्डला जाऊन सहा वर्षं झाली तरी कोऱ्या चड्ड्या तळघरातल्या पेटीत तशाच. सेल लागला की मीच आणून ठेवायची. लेबलं तेवढी कापून टाकायची, त्याला कमरेला टोचायची.

पैज लागलीय. ब्रिटाला टेकडीचं शेत हवंय, कायमचं. माझी नात, सव्वीस वर्षांची, बापाची एकुलती एक. तीन वर्षं तिनं तिथं नांगर लावू दिला नाही, राय नि क्लोव्हरचं गवत पेरून जमीन झाकून ठेवली. तिचा बाप, माझा डुएन, म्हणतो टेकडी मेलीय. खरं बोलायचं तर मारली रेनहोल्डनेच. चाळीस वर्षं वरून खाली नांगरली, काळी माती सगळी ओढ्यात गेली. माणूस चांगला होता, पण नांगराच्या बाबतीत कुणाचं ऐकलं नाही.

डुएन म्हणाला, "काउंटीत सगळे चड्डी पुरतात, आपणही पुरू. एक टेकडीवर, एक माझ्या खालच्या शेतात. साठ दिवसांनी तुझी जास्त खाल्लेली निघाली तर टेकडी तुझी. नाही तर शहरातली ती बियाण्यांची नोकरी घ्यायची, कुरकुर न करता."
"लिहून देतोस, बाबा?"
"माझा शब्द पुरत नाही?"
"मागच्या वर्षी ट्रॅक्टर देतो म्हणालास, तो शब्द अजून वाटेतच आहे."

जिवंत मातीतले किडे, बुरशी सुती कापड खाऊन टाकतात, नुसतं इलॅस्टिक उरतं. मेलेल्या मातीत कापड जसंच्या तसं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण हे लगेच कळलं. ज्या घरात माणसं आहेत त्या घरात भांडी रिकामी होतात, तसंच.

चड्ड्या डुएननेच निवडल्या. मी तळघरात उतरले तर जळका, गोडसर वास. म्हटलं, "परत सिगरेट ओढायला लागलास?" मान खाली घालून म्हणाला, "एकच ओढली, आई." चोपन्न वर्षांचा घोडा. त्याला रागवत बसले आणि वर रुबार्बचा केक करपला.

२ जून
पाऊस. टेकडीवरून पाणी वाहिलं नाही, मुरलं. ब्रिटा भिजत बघत उभी होती. हिला नवरा कसा मिळायचा.

२३ जून
चर्चच्या तळघरात गोधडीला बसलो, आम्ही सहा म्हाताऱ्या. अल्विनानं छान निळं कापड आणलं. आमच्या रीतीप्रमाणे दोरा ओढून काडी लावली. सूत असेल तर राख होते, प्लास्टिक असेल तर काळा टणक मणी. मणी झाला. अल्विना बिचारी लाल. प्लास्टिक आम्ही गोधडीत घेत नाही, धुतल्यावर गोळे येतात. डुएन लहानपणी गोधडीच्या चौकटीखाली बसून हे मणी गोळा करायचा, काडेपेटीत भरून ठेवायचा. गुडघे दुखतायत. मला यायला उशीर झाला म्हणून ब्रिटानं सूप केलं. मीठ जास्त. सांगितलं नाही.

१ जुलै
नोकरीवाल्यांचा फोन. महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय. ब्रिटा म्हणाली, "मी उत्तर पुरून ठेवलंय." त्यांना काय कळलं असेल देव जाणे.

१३ जुलै
खणलं. डुएनच्या शेतातली अर्धी खाल्लेली, भोकं भोकं. टेकडीवरची अख्खी.
"चर्चला घालून जाता येईल," डुएन म्हणाला. विनोद केला, पण हसला नाही.
ब्रिटानं फावड्यावरची माती हातानं फोडली. "सतरा गांडुळं आहेत इथे. मग खाल्ली का नाही?"
"शब्द म्हणजे शब्द."
"हो. शब्द म्हणजे शब्द."
ती वर गेली आणि पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. रात्री कुणी धड जेवलं नाही. माझ्या घरात जेवण उरत नाही कधी.

१४ जुलै
टेकडीवरची चड्डी टाकवेना. रेनहोल्डची आहे शेवटी. धुतली, दोरीवर घातली. वारा आला, मागून ऊन आलं, आणि चड्डीतून मला धान्याचं कोठार दिसलं! आरपार. चाळणीसारखं. हाताला लागली तर पातळ, खरखरीत, नुसतं जाळं.
दोरा ओढला. काडी लावली.
मणी.
म्हणजे सूत नि प्लास्टिक मिसळलेलं कापड होतं. सूत होतं तेवढं टेकडीनं खाल्लं, प्लास्टिक ठेवलं. टेकडी जिवंत आहे. आधी स्वतःलाच बोल लावला. लेबलं मी कापली, कोण ओळखणार? मग वास नाकात गेला. जळका, गोडसर.
हा वास सिगरेटचा नाही. मे महिन्यात आमच्या तळघरातही नव्हता.

१५ जुलै
न्याहारीला मणी डुएनच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवला. त्यानं बराच वेळ बोटानं फिरवला. ब्रिटा समोरच होती, बॅग दाराशी. तो तिला म्हणाला, "टेकडी तुझी. खाल्लीय तिनं. मीच तुला तसली चड्डी दिली." ती म्हणाली, "का, बाबा?" तो म्हणाला, "तू सुटावीस म्हणून. मी सतराव्या वर्षी इथं जुंपलो गेलो. तुला हे हवंय का असं मला कुणी विचारलं नाही." विचारायला मी हवं होतं.