दुकानातल्या पलंगावर झालेली बेअब्रू

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

(साष्टांग खरोखरचा आहे. जहाजावरच्या आमच्या खोलीत माझी झोपायची फळी वरची, आणि छत इतकं खाली की उठून बसलं तर कपाळमोक्ष. तेव्हा पालथा पडूनच लिहितोय.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांची कवळी सापडली का, की अजून तुझ्यावरच आळ आहे? मी खुशाल आहे असं बाबांना सांग. तुला म्हणून खरं सांगतो, कालपासून माझं काही खरं नाही. तू फोन कपाटात कुलूप लावून ठेवतेस, म्हणून हे पत्र. आमचा एक स्वयंपाकी उद्या कायमचा घरी जातोय, त्याच्या हाती देतोय. (तो पत्रं उघडून वाचतो. म्हणून तुझ्या समोरच्या घरातल्या मुलीचं नाव लिहीत नाही. तुला ठाऊक आहे. नसेल, तर दोन वर्षं मी दर रविवारी तुझ्याकडे काय गुडघ्यांची चौकशी करायला येत होतो?)

काल सात आठवड्यांनी पहिल्यांदा जमिनीवर उतरायला मिळालं, चार तास. बाकीचे शहर बघायला गेले. मी निघालो फुकटचं वायफाय शोधायला, कारण जहाजावरच्या इंटरनेटवर मेसेज कसाबसा जातो, तिचा चेहरा काही दिसत नाही. बंदराबाहेर भलंमोठं फर्निचरचं दुकान होतं. आत शिरलो आणि चाटच पडलो. दुकानात अख्ख्या खोल्या मांडलेल्या. पुठ्ठ्याचा टीव्ही, नळाला पाणी नाही, आणि माणसं बुटांसकट परक्या पलंगांवर खुशाल लोळताहेत. मी जहाजावर रोज प्रवाशांच्या सोळा खोल्यांतले पलंग दोनदोनदा लावतो; मला बघवेना.

एका गुलाबी खोलीत वायफाय फक्कड लागलं. मोबाइल दिव्याला टेकवून तिला व्हिडिओ कॉल केला. मी बोलायला लागलो तो लागलोच (सात आठवड्यांचं साठलेलं). तिनं मध्ये दोनदा तोंड उघडलं होतं, पण मला वाटलं नेटवर्क अडकतंय. बोलता बोलता माझे हात आपोआप चालू झाले. चादर ताणली, कोपरे खोचले, उशा फुगवल्या, आणि पायथ्याशी टॉवेल होते त्यांचे दोन हंस करून चोचीला चोच लावून ठेवले. पाहुण्यांच्या पलंगावर आम्हाला रोज ते करावे लागतात. सवय गं. पण पलीकडून तिला काय दिसलं असेल ते तूच डोळ्यांसमोर आण.

तेवढ्यात एक थोराड बाई आली. माझा पांढरा शर्ट आणि छातीवरची नावाची पट्टी बघून मला दुकानातलाच समजली. पलंगावर आडवी झाली आणि शेजारची जागा थोपटून मला खुणेनं म्हणाली, ये. (दुसऱ्यानं कूस बदलली की गादी हलते का, एवढंच तिला बघायचं होतं. हे मला मागाहून कळलं.) तू म्हणशील, नाही म्हणायचं. आत्या, भर वर्गात प्राध्यापकांना नाही म्हणून कॉलेजला लाथ मारून आलेला मी; पण इथे सुपरवायझर रोज सकाळी घोकून घेतो की पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, आणि वर हसायचं. मी आडवा झालो. हसलो. कूस बदलली. गादी हलली नाही. तिनं फोन मात्र बंद केला.

डोकं असं सटकलं की तडक निघून जायचं म्हणून खोलीचं दार खाडकन उघडलं, तर पलीकडे भिंत. दुसरं उघडलं, तर कपाट. मागे बाई टाळ्या वाजवतेय (हंसांना). तिचा नवरा आला, त्यानं पलंग पसंत केला आणि हंसांसकटच पाहिजे म्हणून विक्रेत्यापुढे अडून बसला. मी सतरा वेळा फोन लावला. तिनं उचलला नाही. मग जहाजाची वेळ झाली म्हणून धावत सुटलो. ते शहर मी पाहिलं ते एवढंच. ती बोलली नाही तर पुढच्या बंदरात मी सामानासकट उतरणार, मग बाबा काय म्हणायचं ते म्हणोत.

आतोबांना नमस्कार सांग.

तुझा, डोक्यानं तुझ्यावरच गेलेला,
भाचा

ता. क. आता खरं काम. वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं समोर जा आणि सहज सांगितल्यासारखं सांग की ते दुकान होतं. पुरावा म्हणून, माझ्या मागच्या उशीला किमतीची चिठ्ठी लोंबत होती.

आणखी ता. क. साखर राहू दे. आत्ता जेवणाच्या सुट्टीत तिचा कालचा मेसेज आलेला दिसला. दुकान आहे हे तिला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. चिठ्ठी माझ्या कानाशीच होती म्हणे. लिहिते, 'बाईंना माझा नमस्कार सांग, आणि गादी हलते का तेही कळव. वीस मिनिटं बोललास, समुद्र, सुपरवायझर, टॉवेल. आज काय आहे, विचारलंस एकदा तरी?' आत्या, काल तिच्या शेवटच्या वर्षाचा निकाल होता. मी कॉलेज सोडलं नसतं तर माझाही असता. आणि मला आठवणसुद्धा नव्हती. मी ताडकन उठून बसलो. (कपाळाला टेंगूळ आलंय.) तिला विचारायची माझी छाती होत नाही. तू समोर जाऊन तेवढं बघून ये, पास झाली का. मी विचारलंय असं सांगू नकोस.

नाही, सांग. मीच विचारलंय असं सांग.