चावीची दोरी

मंगळवार, संध्याकाळ

चैन पडत नाहीये. आज नववीला 'दहा वर्षांनी मी' यावर लिहायला दिलं. दापोरा गावाहून येणाऱ्या वैशालीनं एकच ओळ लिहिली, 'घरचे म्हणतील ते.' जुलैत याच पोरीनं लिहिलं होतं, 'मी मोठ्या लॅबमध्ये काम करेन आणि चावी माझ्याकडे राहील.'

तेव्हा शाळेच्या लॅबची चावी खरंच तिच्याकडे होती. केळीच्या खोडाचे धागे काढून तिनं स्वतः दोरी वळली होती, चावी गळ्यात घालायला. सगळ्यांच्या आधी यायची. मग घरी केळीची कटाई निघाली, चार दिवस आली नाही, आणि मी चावी काढून घेऊन शहरातल्या एका मुलीला दिली. शिस्त म्हणे! कटाईचा दिवस काय त्या पोरीनं ठरवला होता?

तेव्हापासून ती मागच्या बाकावर बसते. आज वह्या गोळा करताना तीच दोरी तिच्या कंपासपेटीला गुंडाळलेली दिसली.

"अजून ठेवलीस?" मी विचारलं.

"राहू द्या ना मॅडम. काय पता, लागली तर."

मी 'बरं' म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले. बरं! एवढंच सुचलं मला?